वेशीपासून चावडीपर्यंत : समाविष्ट गावांच्या दप्तरासाठी आणि रस्त्यासाठी खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका,
आणि पुण्यात समाविष्ट झालेल्या सर्व गावांतील ग्रामस्थ मंडळी,

सविनय नमस्कार.

समाविष्ट गावांमधल्या ग्रामपंचायतींच्या जुन्या इमारती, त्या इमारतींतले दप्तर आणि वेशीपासून चावडीपर्यंत जाणारा गावचा मुख्य रस्ता, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पाणी, कचरा, मिळकतकर यांवर आपल्याकडे रोज बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. पण त्या गडबडीत चावडीचा विषय कुणी काढत नाही. कधीतरी निघेल तेव्हा चावडी उरलेली नसेल, अशी मला भीती वाटते.

मी अशाच एका गावची. गाव महापालिकेत गेले त्याआधी ग्रामपंचायतीत सदस्य होते. गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते धायरीच्या माणसालाही आपले वाटेल, वाघोलीच्याही आणि मांजरीच्याही. २०१७ मध्ये अकरा गावे शहरात आली, ३० जून २०२१ ला आणखी तेवीस आली. त्याआधी १९९७ मध्ये अडतीस गावे घेतली होती आणि नंतर त्यातली काही वगळली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची आत येऊन पुन्हा बाहेर पडली, तिथे आता स्वतंत्र नगरपरिषद आहे. हद्दीची रेषा अशी पुढे-मागे होत राहिली, पण प्रत्येक वेळी गावात एक गोष्ट सारखीच घडली. ग्रामपंचायत बरखास्त झाली, दप्तर उचलले गेले, आणि कार्यालयाच्या भिंतीवर सरपंचांच्या नावांचा जो फलक असतो त्याची शेवटची ओळ कायमची शेवटची झाली.

हवेली तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या गावठाणात जा, मांडणी साधारण एकच दिसते. वेस असते किंवा वेस होती ती जागा तरी असते. तिथे मारुती, त्याच्याजवळ पार आणि पिंपळ. तिथून रस्ता आत शिरतो. दोन्ही बाजूंना दगडी जोत्यावरची घरे, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, पुढे ओटा, दारावर कोरीव गणेशपट्टी. मध्ये कुठेतरी तालीम, पिठाची गिरणी, विकास सोसायटीचे कार्यालय, दुधाची डेअरी. मग चावडी, आणि पुढे भैरवनाथाचे देऊळ. वरवर पाहणाऱ्याला हा अरुंद, वाकडातिकडा बोळ वाटतो. पण यात्रेच्या रात्री छबिना निघतो तेव्हा पालखी कुठे थांबणार, कुणाच्या दारात ओवाळणार, काठी कुठे टेकवणार हे सगळे त्या रस्त्यावर ठरलेले असते. तो क्रम कुठल्या कागदावर लिहिलेला नाही. रस्ता हाच त्याचा कागद आहे.

ओट्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण रुंदीकरणात पहिला बळी त्यांचा जातो. ओटा घरमालकाचा, पण बसायला साऱ्या गावाचा. संध्याकाळी रानातून येणारा माणूस तिथे टेकायचा, लग्नाच्या याद्या तिथे व्हायच्या, सोयरीक घेऊन आलेला पाहुणा आधी ओट्यावर बसायचा आणि मग आत जायचा. आता अनेक गावठाणांत ओट्याच्या पायऱ्याच दिसत नाहीत. जुना थर न खरवडता त्यावर काँक्रीटचा नवा थर, पुन्हा काही वर्षांनी आणखी एक, असे करत रस्ता उंच झाला आणि घरांचे उंबरे खाली गेले. पावसाळ्यात पाणी सोप्यात शिरते. घरमालक कंटाळतो, वाडा उतरवतो, सागवान विकतो आणि पार्किंगसकट चार मजले चढवतो. त्याला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. खाली गेलेल्या घरात राहण्याचा त्रास ज्याचा त्याला माहीत. पण काँक्रीट ओतण्याआधी जुना थर काढला असता तर कितीतरी घरांवर ही वेळ आली नसती, हेही तितकेच खरे आहे.

आता चावडीकडे येते. पाटील आणि कुलकर्णी तिथे बसत, सारा तिथे भरला जाई, दवंडी तिथून सुटे, तंटे तिथे चालत. १९५१ मध्ये कुलकर्णी वतने संपली आणि तलाठी आला. पुढे १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकीही वंशपरंपरेतून सुटली. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने निवडून आलेल्या पंचायतीला आजचा आकार दिला. म्हणजे अवघ्या बारा-पंधरा वर्षांत गावची सत्ता वतनातून मतपेटीत गेली. एवढी मोठी घडामोड जिथे झाली ती जागा बहुतेक गावांत एकच आहे किंवा एकमेकींना लागून आहे : आधी चावडी, मग शेजारी किंवा तिच्याच जोत्यावर ग्रामपंचायत. लोकशाही म्हणजे काय, हे शाळेच्या पुस्तकाबाहेर आमच्या गावांनी त्या दोन खोल्यांत पाहिले.

या चावडीचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवायची नाही. हा रस्ता सगळ्यांचा नव्हता. महारवाडा, मांगवाडा वेशीबाहेर होता. त्या वस्तीतल्या माणसाला चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागे, आणि गावची येसकरकी म्हणजे वेशीची राखण, सांगावे, मढ्याची खबर ही कामे मात्र त्याच्याच माथी असत. हे पुण्यापासून दूर कुठेतरी घडत होते असेही नाही. याच शहरात जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. याच शहरात १९२९ मध्ये पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह करावा लागला. चावडीसमोरून जाताना माझ्या सासूबाई पदर डोक्यावर ओढून मान खाली घालत, आणि शक्य असेल तेव्हा मागच्या बोळाने जात. त्याच चावडीत, मांडी घालून नव्हे तर खुर्चीवर बसून, मी पंचायतीच्या सभेत बोलले. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. आमच्या शेजारच्या खुर्चीवर वेशीबाहेरच्या वस्तीतली बाई निवडून येऊन बसली होती. तिच्या आजोबांना जी पायरी चढता येत नव्हती ती पायरी अजून तिथेच आहे. म्हणून मला ती इमारत हवी आहे. अन्यायाची जागा आणि तो मोडल्याची जागा एकच असणे दुर्मीळ असते. ती पाडली तर पुढच्या पोरांना दोन्ही गोष्टी खोट्या वाटतील.

दप्तराचे मोल बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही, म्हणून एक नोंदवही घेऊन सांगते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. त्यात घर क्रमांक, मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, घर कशाचे आहे, क्षेत्रफळ किती आणि कर किती एवढेच असते. रूक्ष कागद. पण पन्नास-साठ वर्षांच्या अशा वह्या एकाखाली एक ठेवा आणि मुख्य रस्त्यावरची घरे क्रमाने वाचत चला. दगडमातीचे घर विटांचे कधी झाले, पत्रा जाऊन स्लॅब कधी पडला, सुताराच्या घरात भाडेकरू कधी आला, लोहाराची भट्टी बंद होऊन तिथे दुकानगाळा कधी निघाला, भावाभावांत वाटणी होऊन एका घराचे तीन क्रमांक कधी झाले, विधवेचे नाव मालक म्हणून कधी लागले, सगळे तिथे आहे. एका रस्त्याचा इतका बारीक इतिहास कुणी इतिहासकार लिहू शकणार नाही. तो ग्रामसेवकांनी आणि लिपिकांनी, आपण इतिहास लिहितो आहोत हे मनातही न आणता, लिहून ठेवला आहे.

त्याच्या जोडीला सभांची इतिवृत्ते. दिवाबत्तीचा पहिला ठराव, नळयोजनेची वर्गणी, स्मशानभूमीच्या शेडवरून झालेला वाद, दुष्काळात विहिरीवर कुणी आधी पाणी भरायचे त्याचा निर्णय. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशीच्या ग्रामसभा आणि त्यांआधीच्या महिला सभा. अंगठे आणि सह्या. या सह्यांमध्ये कितीतरी बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर लिहिलेले स्वतःचे नाव आहे.

पुणे हे कागद जपणारे शहर आहे, म्हणून तर हे मागणे मागायचे धाडस होते. इंग्रजांच्या काळात इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनने गावोगावहून जमवलेले कागद आणि पेशव्यांचे दफ्तर असे कोट्यवधी मोडी कागद पुणे पुराभिलेखागारात आजही सांभाळलेले आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करते आहे. अठराव्या शतकातल्या एखाद्या गावची जमाबंदी पुण्यात पाहायला मिळते. मग १९६० ते २०२० या साठ वर्षांतले त्याच गावचे कागद पोत्यात का असावेत? जितके जुने तितके मौल्यवान, हा हिशेब मला पटत नाही. ज्या काळात माझ्या गावाने शेती सोडली, जमिनी विकल्या आणि शहराला वाढायला जागा दिली त्या काळाचा पुरावा हाच आहे.

आणि आपल्या भागातल्या गावांचा अभ्यास जगाने पूर्वीच केला आहे, हे आपल्यालाच माहीत नसते. नगर रस्त्यावरचे लोणीकंद घ्या. पेशवाई संपल्यावर लगेच, थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने त्या गावाची तपशीलवार पाहणी केली : माणसे, घरे, जमीन, बलुतेदार, कर्ज. ती १८२३ मध्ये छापली गेली. सुमारे सव्वाशे वर्षांनी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाकडे पुन्हा पाहिले, तेव्हा काय बदलले हे तुलना करून सांगता आले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जमिनीचे तुकडे आणि कर्जबाजारीपण घराघरांतून मोजले. आज पिंपळे सौदागरच्या चकचकीत रस्त्यावर उभे राहिले तर शंभर वर्षांपूर्वी इथला शेतकरी किती तुकड्यांत नांगरत होता ते सांगायला तो अभ्यासच उरला आहे. लोणीला कोट्स भेटला, पिंपळेला मान भेटले. बाकीच्या गावांना कुणी भेटले नाही. त्यांच्यासाठी दप्तर हाच एकमेव साक्षीदार आहे.

महापालिका भवन जिथे उभे आहे ते शिवाजीनगर म्हणजे पूर्वीचे भांबुर्डे. पाताळेश्वराची लेणी भांबुर्ड्यातलीच. शिवाजीनगर गावठाणात रोकडोबाचे देऊळ अजून आहे आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत गावाची मांडणी अजून जाणवते. कर्वेनगर म्हणजे हिंगणे बुद्रुक. तिथल्या माळावर १९०० मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी आपला आश्रम नेला, तेव्हा ते गावाबाहेरचे ओसाड रान होते. मूळ पुणेही कसब्याभोवतीचे गावच होते, त्यालाही वेशी होत्या, आणि कुंभारवेस हे नाव आपण अजून बोलताना घेतो. पुणे हे गावे पोटात घेत वाढलेले शहर आहे. तेव्हा लोहगावचा किंवा पुण्यालगतच्या नांदेड गावचा मुख्य रस्ता हा पुण्याच्या इतिहासाला जोडलेला परका तुकडा नाही, तो पुण्याचाच इतिहास आहे. लोहगाव तर तुकोबांचे आजोळ, तिथल्या शिवबा कासाराचे नाव वारकऱ्यांच्या तोंडी आहे. वाघोलीला पिलाजी जाधवरावांची समाधी आणि वाघेश्वर. माउलींची पालखी हडपसर सोडून दिवे घाटाकडे निघते ती उरुळी देवाचीवरून. ही गावे पेठांपेक्षा धाकटी आहेत असे कुणी समजू नये.

शहराने आपल्या जुन्या कारभाराची जागा जपलेली आहे. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, पुढे १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा आली, विसाव्या शतकात कितीतरी वर्षे नगरपालिकेचा आणि मग महापालिकेचा कारभारही तिथून चालला. कारभार हलल्यावर वाडा पाडला नाही. आज लोक तो पाहायला येतात. आमच्या चावड्यांना इतका कोरीव नक्षीकाम असलेला दर्शनी भाग नाही, हे मान्य आहे. पण वारसा म्हणजे फक्त लाकडावरचे कोरीवकाम, असे ठरवले तर गरिबांचा वारसा कधीच यादीत येणार नाही.

उशीर झाला की काय होते तेही याच शहराने पाहिले. भिडेवाड्यात १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. राष्ट्रीय स्मारक व्हावे ही मागणी कितीतरी वर्षे चालली, कोर्टकज्जे चालले, आणि तोवर वाडा इतका खचला की डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरवावा लागला. स्मारक होईल, ते चांगलेही होईल. पण सावित्रीबाई ज्या भिंतींच्या आत शिकवत होत्या त्या भिंती आता कुणालाच दाखवता येणार नाहीत.

म्हणून, आयुक्तसाहेब, मागणे असे आहे.

सगळ्यात आधी दप्तर. चौतीस गावांपैकी प्रत्येक गावच्या दप्तराची यादी करा आणि ती गावात वाचून दाखवा. सातबाराचे चावडीवाचन होते तसेच दप्तराच्या यादीचेही होऊ द्या. काय आहे आणि काय नाही ते सगळ्यांसमोर येईल. मग नमुना ८, इतिवृत्ते, जन्ममृत्यूची जुनी पुस्तके यांचे स्कॅनिंग करून मूळ प्रती कोरड्या, वाळवीमुक्त जागी ठेवा. पुराभिलेखागाराशी बोलून ते करता आले तर उत्तमच. जी दोन गावे पुन्हा बाहेर गेली त्यांचे कागद कुठे आहेत, हे वेगळे पाहावे लागेल. दोन कार्यालयांच्या मध्ये कागद हरवतात.

इमारतीबद्दल फार खर्चाचे काही मागत नाही. ग्रामपंचायतीची एक जुनी खोली, तिच्यातला सरपंचांचा फलक, कोनशिला आणि आवारात पडलेल्या वीरगळी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, जागेवर राहू द्या. बाकीच्या भागात नागरी सुविधा केंद्र करा, वाचनालय करा, लोकांचा वावर राहील असे काहीही करा. कुलूप लावून स्मारक म्हणून ठेवलेली इमारत दहा वर्षांत पडते. रोज माणसे येतात ती टिकते.

रस्त्याच्या बाबतीत माझे म्हणणे सगळ्यांना आवडणार नाही, गावातही नाही. गावठाणाचा मुख्य रस्ता विकास आराखड्यात सरसकट रुंद करू नका. अग्निशमनाची गाडी शिरायला हवी, रुग्णवाहिका शिरायला हवी, याबद्दल दुमत नाही. त्यासाठी जिथे खरेच अडते तिथे दोन घरे मागे घ्या, मोबदला द्या. पण बाहेरच्या सोसायट्यांच्या गाड्यांना जवळचा मार्ग मिळावा म्हणून वेस ते देऊळ सगळी आळी कापायची असेल तर गावाला वळसा घालणारा रस्ता करा. कापण्याआधी प्रत्येक घराचे मोजमाप आणि छायाचित्र घ्या. आणि नवे काँक्रीट ओतताना जुना थर काढायचा, ही अट निविदेत लिहा. एवढ्या एका अटीने कितीतरी उंबरे वाचतील.

आता माझ्या गावकऱ्यांशी बोलते. दादांनो, मावश्यांनो, सगळे महापालिकेवर सोडून चालणार नाही. चावडीचे सागवानी खांब लिलावात गेले तेव्हा ते कुणी घेतले, हे प्रत्येक गावात चार माणसांना माहीत असते. ते खांब फार्महाऊसच्या व्हरांड्यात उभे आहेत. मागितले तर कदाचित परत मिळतील. जुन्या सरपंचांच्या घरी पेट्यांतून ठरावांच्या प्रती आहेत, यात्रेच्या वर्गणीच्या वह्या आहेत, तालमीचे फोटो आहेत. ते बाहेर काढा. ज्यांनी वेस उभी असलेली पाहिली अशी म्हातारी माणसे आज गावात आहेत. त्यांना घेऊन एकदा वेशीपासून देवळापर्यंत चाला आणि मोबाईलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा : इथे कोण राहत होते, इथे काय विकायचे, या विहिरीवर कुणाला पाणी भरू देत नव्हते. शेवटचा प्रश्न टाळू नका. ज्या वस्तीला हा रस्ता बंद होता तिथल्या म्हाताऱ्यांकडे आधी जा, त्यांचे सांगणे आधी घ्या, कारण ते दप्तरात फारसे नाही.

शाळांनाही यात घ्या. सातवी-आठवीची मुले गावठाणातल्या घरांचा नकाशा उत्तम काढतात. नव्या सोसायट्यांमध्ये राहायला आलेल्या घरांतली मुलेही त्यात असू द्या. गाव त्यांचेही आहे, फक्त त्यांना ते अजून कुणी दाखवलेले नाही.

येत्या चैत्रात बहुतेक गावांच्या यात्रा आहेत. मुंबई-पुण्यात पांगलेली सगळी माणसे त्या दोन दिवसांत गावी येतात. दप्तराच्या यादीचे पहिले वाचन तेव्हा, देवळापुढच्या मांडवात करता येईल. महापालिकेचा एक अधिकारी आणि गावातली चार जाणती माणसे एवढे पुरे. आमच्या गावात मांडव आणि माईक यांची सोय मी करते. तारीख आपण कळवावी.

आपली नम्र,
समाविष्ट गावातील एक माजी ग्रामपंचायत सदस्य
पुणे